आठवण : रविवारी सांधे तपासणीचं प्रशिक्षण

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी सकाळी १० वाजता ग्रामीण रुग्णालयाच्या वरच्या हॉलमध्ये जमायचं आहे. भाषण कमी, हात लावून शिकणं जास्त. मोजपट्टी सोबत आणा, शोबर टेस्ट (पुढे वाकताना कमरेचा मणका किती ताणला जातो याचं मोजमाप) प्रत्येकाने स्वतः करायची आहे.

सुरुवात 'गाल्स'ने, म्हणजे सांध्यांच्या झटपट प्राथमिक तपासणीने होईल. तीन प्रश्न : सांधे, स्नायू किंवा पाठ दुखते-आखडते का, कपडे स्वतः घालता येतात का, जिना चढता-उतरता येतो का. मग चाल, हात, पाय, मणका. सराव झाला की दोन-तीन मिनिटांत होतं, गर्दीच्या ओपीडीतही.

मागच्या हंगामात कापूस वेचणारी एक बाई माझ्याकडे आली. दोन वर्षं ठिकठिकाणी दुखीची इंजेक्शनं घेतलेली. बोटांच्या मुळाचे सांधे हलकेच दाबले तर तिने हात झटकन मागे घेतला. सकाळी तासभर मूठ वळत नव्हती. इतक्या दिवसांत तिचा हात कुणी हातात घेऊन पाहिलाच नव्हता. ते अजून मनाला लागून आहे.

आपल्याकडे चिकुनगुनियानंतर महिनोन्‌महिने सांधे धरतात, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात रक्तपुरवठा तुटून खुब्याचं हाड खराब होऊ शकतं. सगळंच 'वात' नसतं, त्यामुळे या दोन्हींवर वेगळा वेळ ठेवला आहे.

मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचं औषध आठवड्यातून एकदाच, रोज नाही, हे रुग्णाला मराठीत कसं लिहून द्यायचं तेही बघू.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव टाका, जेवणाचा अंदाज घ्यायचा आहे.