गंगेचा तळ तोंडपाठ असलेल्या मामांना

मामा, रामराम.

तोंडावर आभार मानायला गेले असते तर तुम्ही "हं, चहा टाक" म्हणून उठून गेला असता. म्हणून इथं लिहिते, सगळ्यांदेखत. नातवाला वाचून दाखवायला सांगा, आणि तो वाचत असताना तंबाखू मळायला ओट्यावर जाऊ नका.

दिवाळीच्या तोंडावर अण्णांचा खुबा मोडला आणि धक्का माझ्या गळ्यात पडला. धक्का आपण म्हणतो. बाहेरच्या माणसाला दिसतात ते बारा निळे ड्रम, त्यांच्यावर फळ्या, एक लाकडी नाव, एक पत्र्याची आणि बाभळीला टांगलेली जॅकेटं. मला वल्हं मारता येतं, मोटार चालू करता येते, मग अजून काय लागतं, असं वाटायचं. नाथसागर, म्हणजे आपल्या गंगेवरच्या, गोदावरीवरच्या पैठणच्या धरणाचं पाणी, तेव्हा काठोकाठ होतं, समुद्रसपाटीपासून १५२२ फूट. धक्का जागच्या जागी, नाव जागच्या जागी, पैसे रोजचे रोज. मी तर अण्णांना दवाखान्यात सांगून आले होते, काळजी करू नका म्हणून.

मग रब्बीचं आवर्तन सुटलं. डावा कालवा, उजवा कालवा, दोन्हीकडून पाणी शेताला निघालं आणि आपला काठ पळायला लागला. खाली पैठणला धरणाच्या भिंतीवर उभं राहिलेल्याला पाणी वीतभर उतरलेलं कळतही नसेल. आपल्याकडे जमीन ताटासारखी सपाट, वीतभरात काठ पन्नास पावलं लांब जातो. अण्णांच्या ऑपरेशनच्या धावपळीत मी आठ दिवस इकडं फिरकलेच नाही. आले तेव्हा लाकडी नाव चिखलात कलंडून बसली होती आणि ड्रम कोरड्यावर.

मी ट्रॅक्टर बोलावला. साखळी नाकाडाला अडकवली, आता ओढायचीच, तेवढ्यात तुम्ही खांद्यावर जाळं घेऊन बांधावरून ओरडलात, "बंद कर ते आधी! तळ फाटंल!" राग आला होता मला, खरं सांगते. कोण कुठला म्हातारा. पण तुम्ही चिखलात उतरलात, नावेच्या पोटाखाली हात घालून गाळाची पकड चाचपून पाहिलीत आणि बाभळीचे गोल ओंडके आणायला लावलेत. पाणी हटलेल्या गाळात पेरलेल्या हरभऱ्यातली आठ माणसं गोळा केलीत. एकजण पुढं बादलीनं पाणी टाकत होता, दोघं मागचा ओंडका काढून पुढं ठेवत होते. दुपारी सुरू केलेलं काम दिवेलागणीला संपलं. फळीला चरा नाही. दुसऱ्या दिवशी सहाला तुम्ही न बोलावता हजर, ते पार फाल्गुनापर्यंत.

पहिल्या आठवड्यात तुम्ही मला दोरच शिकवलात. रात्री बांधताना ढील किती ठेवायची, खुंटा सकाळी हलवून पाहायचा, धक्का आठ दिवसांनी नाही तर चौथ्या दिवशी सरकवायचा. ड्रम दोनशे लिटरचा असला तर दोनशे किलोच्या आसपास पेलतो हे मला शाळेतल्या विज्ञानातून माहीत होतं. तुम्ही म्हणालात, "माणसं वजनासारखी गप बसत नाहीत माय, सगळी एका अंगाला धावतात. शंभरच धर." तेव्हापासून शंभरच धरते.

पण मला आभार मानायचेत ते वहीसाठी.

पाणी उतरायला लागलं तसं खालचं गाव वर यायला लागलं. आधी बाभळीचे बुंधे, मग कुणाच्या तरी वाड्याचा पाया. माझ्या लेखी ते नुसते अडथळे. तुम्ही नावेच्या टोकाला उभं राहून बांबू पाण्यात खुपसायचात आणि सांगायचात, "इथं चिंच. इथून बारा पावलांवर मळ्यातली विहीर, कठडा दगडी." बांबू टकदिशी वाजायचा. २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचं लोकार्पण झालं, असं आम्ही सामान्यज्ञानात पाठ केलं होतं. ज्या विहिरीवर तुम्ही पोहायला शिकलात तिच्यावरून मी माणसं ने-आण करते, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. मी शंभर पानी वहीत सगळं उतरवून घेतलं. तुम्ही मात्र एकदाही "आमचं गाव" म्हणाला नाहीत. "मळा", "चावडी", "देऊळ", एवढंच. प्रत्येक ठिकाणी आपण बांबू रोवून वर लाल चिंधी बांधली.

पौषातली ती धुक्याची सकाळही वहीत आहे. पलीकडून दुधाचे कॅन घेऊन पोरगं एकटंच पत्र्याची नाव घेऊन निघालं, आणि अर्ध्यात धुकं असं दाटलं की धक्क्यावरून स्वतःची वल्ही दिसेनात. मी हाका मारत होते. तुम्ही म्हणालात, हाक फिरते, सगळीकडून आल्यासारखी वाटते. बाभळीला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर तुम्ही हातोडीनं ठोके द्यायला लागलात. तीन ठोके, थांबायचं. तीन ठोके, थांबायचं. थांबल्यावर कान द्यायचा, हे मला तेव्हा कळलं. अर्ध्या तासानं वल्ह्याचा आवाज आला. पोरगं रडत होतं, दूध शाबूत होतं. तुम्ही त्याला दोन शिव्या घातल्यात आणि त्याच्याच कॅनमधल्या दुधाचा चहा करायला लावलात.

माघात नाव वर काढली. मी वरून रंग द्यायच्या तयारीत होते, पैठणच्या नाथषष्ठीला माणसं येणार म्हणून. तुम्ही रंगाचा डबा बाजूला ठेवलात, नाव ठोकळ्यांवर चढवून आत पाणी भरायला सांगितलंत. मग आपण दोघं खाली आडवे पडलो. जिथं थेंब लोंबला तिथं खडूची खूण. सत्तावीस खुणा झाल्या, पैठणच्या धरणाला दारं तेवढीच! तुम्हाला हे सांगितलं तर तुम्ही हसता हसता ठसकलात. वाळल्यावर प्रत्येक फटीत कापसाची पिळलेली वात ठोकून बसवली आणि पळाट्यांच्या जाळावर डब्यात वितळवलेलं डांबर वरून ओतलं. माझ्या उजव्या मनगटावर त्याचा डाग अजून आहे. जॅकेटंही तुम्ही एकेक पाण्यात दाबून पाहिलीत. उंदरांनी कुरतडलेली चार निघाली, ती माझ्यादेखत फाडलीत, पुन्हा कुणी घालू नये म्हणून.

फाल्गुन वद्य पंचमीला पलीकडच्या दिंड्या आल्या. टाळ, पताका, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका. एका खेपेला मोजून बाराच, कितीही गयावया केली तरी. तुम्ही काठावर बसून बोटं मोजत होतात, मला दिसत होतं. शेवटची खेप उतरली तेव्हा नावेच्या तळाला हात लावून पाहिला. कोरडा. मी वळून तुम्हाला सांगायला गेले, तर तुम्ही जाळं उचलून त्यांच्याबरोबर पैठणच्या वाटेला लागला होतात. परत आलात ते निरोप घ्यायलाच, वाळूजला मुलाकडं जायचं म्हणून.

अण्णा आता काठी घेऊन धक्क्यापर्यंत येतात. लाल चिंध्या पाहून विचारतात, ही कोणाची अक्कल? मी सांगते.

वहीत एक जागा कोरी आहे. देवळाच्या मागं एक बारव आहे म्हणाला होतात, पाणी अजून चार हात उतरलं की पायऱ्या दिसतील. चैत्र लागलाय, पाणी उतरतंय, आणि मला ती बांबूनं सापडत नाही. एकदा येऊन दाखवून जा. तुमची तंबाखूची डबी इथंच राहिलीय, ती द्यायला मी वाळूजला येणार नाही.

तुमची,
धक्क्यावरची पोरगी