घरट्याचा पत्ता छापू नये

वेल्समधील लाल घारींच्या पुनरागमनावरील रविवार पुरवणीतला लेख वाचला. सारे श्रेय परदेशी पिल्लांना देणे पटत नाही. १९८९पासून स्वीडन, स्पेनहून आणलेली पिल्ले इंग्लंड व स्कॉटलंडमध्ये सोडली गेली. वेल्समध्ये मात्र मोजक्याच जोड्या उरल्या असताना १९०३मध्ये घरट्यांच्या राखणीसाठी समिती नेमली गेली. वंश टिकला तो या चिवट राखणीमुळे. ओकच्या बेचक्यातली, मेंढीच्या लोकरीचे अस्तर असलेली ही घरटी अंडीचोरांनी वर्षानुवर्षे लुटली. म्हणूनच निरीक्षकांनी ठेवलेल्या घरट्यांच्या नोंदीत तारीख, अंडी, उडालेली पिल्ले, घरटे फसल्याचे कारण (विशेषतः पावसाळी थंडी की चोरी) हे सारे हवे. पण झाडाचा ठावठिकाणा गुप्तच राहावा. लेखासोबत घरटे असलेल्या दरीचे नाव छापायला नको होते.

— एक पक्षीनिरीक्षक, ठाणे