तक्रारी शून्य म्हणजे भेदभाव शून्य नव्हे

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात शिकवतो. काही वर्षं भेदभावाच्या तक्रारी ऐकणारा समान संधी कक्ष माझ्याकडे होता. वार्षिक अहवालात एक रकाना असायचा, 'जातीय भेदभावाच्या तक्रारी'. दरवर्षी मी तिथं शून्य लिहिलं.

त्यातल्याच एका वर्षी बी.एस्सी.ची एक मुलगी जर्नल छातीशी धरून प्रयोगशाळेच्या दारात थांबली होती. सगळे गेल्यावर बोलली. तोंडी परीक्षेत तिला आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग वडील काय करतात. विषयावरचा प्रश्न एकच. मी अर्ज दे म्हणालो. "नको सर, अजून दोन वर्षं इथंच काढायचीत." अर्ज आला नाही, अहवालात शून्यच गेलं. ते शून्य मला अजून टोचतं.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या विनियमांनी समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी सांगितले. तरीही २०१६ मध्ये हैदराबादचा संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला आणि २०१९ मध्ये मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांना जातीय छळाच्या आरोपांमागं झालेल्या आत्महत्यांत आपण गमावलं. आम्ही व्याख्यानं ठेवतो, जयंतीला शपथ घेतो, महाविद्यालयांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या फाइलला जिओटॅग (ठिकाणाची नोंद असलेले) फोटो लावतो. किती कार्यक्रम झाले, किती पोरं बसली, हे मोजतो. त्यानं वर्गात काय बदललं, हे कुणी विचारत नाही.

साहेब, हे मोजता येतं. लेखी उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक असतो, तोंडी परीक्षेत समोर माणूस असतो. लेखीत बरोबरीला असलेली मुलं तोंडी आणि अंतर्गत गुणांत प्रवर्गानुसार मागं पडतात का, हे विद्यापीठाच्या संगणकात आधीच आहे. फरक दिसला म्हणून लगेच कुणाला दोषी धरू नये, पण तिथं चौकशी सुरू व्हावी. ब्रिटनमधली विद्यापीठं गोऱ्या आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या पदवीच्या श्रेणीतली दरी अशीच मोजतात. पहिल्या वर्षाला आलेल्यांपैकी तिसऱ्या वर्षापर्यंत कोण टिकलं, राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरची शिष्यवृत्ती कोणत्या महिन्यात हातात पडली, हेही बघा. एका विभागात चारच मुलं असतील तर तीन वर्षांची आकडेवारी एकत्र करा, नाहीतर पोरं ओळखू येतील. आणि कक्षावर विश्वास बसला की तक्रारी आधी वाढतील. त्या वाढीसाठी महाविद्यालयाचे गुण कापू नका, नाहीतर सगळे पुन्हा शून्य लिहायला लागतील.

हे कोल्हापूरला नवं नाही. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या, तेव्हा त्याच हुकमात खातेप्रमुखांनी नेमणुकांचा तक्ता दर तिमाहीला पाठवावा असंही घातलं. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना एका शाळेत बसवणारा हा राजा. हुकूम काढून तो थांबला नाही, त्याचा हिशेब मागितला. दसरा चौकातून त्यांच्या पुतळ्यासमोरून जाताना मला तो तिमाही तक्ताच आठवतो.

असा तक्ता आपण प्रत्येक विद्यापीठाकडून मागवावा, निदान वर्षातून एकदा, आणि तो जाहीर करावा. सुरुवात शिवाजी विद्यापीठापासून करा. माझ्या विभागाचे गुण पहिले तपासा, माझी तयारी आहे.

आपला,
कोल्हापूरचा एक प्राध्यापक