शेफलरचा पाय घसरत नाही ओ, मोकळा होतो

मा. संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या क्रीडा पानावर अमेरिकन गोल्फर स्कॉटी शेफलरवर चार ओळी आल्या, त्यात लिहिलंय की स्विंग (म्हंजे काठी फिरवून बॉल मारायची पद्धत) बेढब आहे, मारताना पाय घसरतो तरी नशिबानं जिंकतो. कोल्हापुरात गोल्फवर कोण पत्र लिहितंय म्हणून बिनधास्त छापलं असणार, पण मी लिहितोय. गोल्फच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी २०२२ आणि २०२४ ला मास्टर्स, २०२५ ला पीजीए चॅम्पियनशिप आणि त्याच वर्षी पोर्टरशला ब्रिटिश ओपन ते पण चार शॉटच्या फरकानं, आणि ज्या पॅरिस ऑलिम्पिकात आपल्या स्वप्नील कुसाळेनं ब्राँझ आणलं त्याच ऑलिम्पिकात शेवटच्या दिवशी ६२ फटक्यांत (गोल्फात फटके जितके कमी तितकं भारी) गोल्ड. एवढं नशीब असतं तर गड्यानं लॉटरीच काढली असती की, घाम कशाला गाळतोय.

मी शिरोलीला मशीन शॉपमध्ये कामाला, त्यामुळं कुठलीबी हालचाल दिसली की मोबाईलवर व्हिडिओ स्लो करून बघायची खोड. शेफलरचा ड्रायव्हरचा, म्हंजे लांब मारायच्या क्लबचा (गोल्फच्या काठीला क्लब म्हणतात), स्विंग समोरून बघा. क्लब वर जातो तोवर सगळं सरळ. खाली यायला लागला की आधी कंबर फिरते, हात मागनं येतात, सगळं वजन डाव्या पायावर जातं, आणि बॉल लागायच्या आसपास उजवा पाय मागं सरकत जातो, जोरात मारलं तर डावा पण जागा सोडतो. नेमका तिथंच फोटो काढला तर माणूस रंकाळ्याच्या शेवाळलेल्या पायरीवरनं निघालाय असं वाटतं. पण जरा डोकं चालवा, ज्या पायावर वजन आहे तो असा हलक्यानं सरकेल काय? सरकतोय म्हंजेच त्याच्यावरचं वजन आधीच गेलंय. खासबागेत कुस्त्या बघितलेल्या कुठल्याबी म्हाताऱ्याला विचारा, पैलवानाचा पाय निसटला का त्यानं मोकळा सोडला हे तो लांबनं सांगतो.

आणि खरी गंमत पायात नाहीच. बॉल आणि क्लब एकमेकाला लागून असतात ते जेमतेम अर्धा मिलिसेकंद. त्या वेळी क्लबचं तोंड कुठं आहे त्यावरच बहुतेक ठरतं बॉल कुठं सुटणार ते. एक डिग्री तिरका सुटला आणि हवेत अजिबात वळला नाही असं धरलं तरी २५० मीटरवर सव्वाचार मीटरपेक्षा जास्त बाजूला. आमच्याकडं एक डिग्री चुकली तर मशीनवरचा जॉब (बनवत असलेला भाग) सरळ भंगारात. शेफलरचं ते तोंड दर वेळी जागेवर येतं, मग खाली पायानं काही का नाचेना.

त्याचा कोच रँडी स्मिथ, पोरगा लहान असल्यापासून त्याच्याबरोबर आहे, पण त्यानं पाय सरळ करायच्या भानगडीत पडायचं टाळलं. जिम फ्युरिक ह्या दुसऱ्या गोल्फरचं पण तसंच, क्लब वर नेऊन असा काय वळसा घालायचा की बघणाऱ्याला वाटावं हा माशी हाकलतोय, पण कोच असलेल्या बापानं तो मोडला नाही, पोरानं २००३ ची यूएस ओपन जिंकली आणि २०१६ ला एक अख्खा राउंड फक्त ५८ फटक्यांत संपवला. आपल्याकडं असता तर पहिल्या आठवड्यातच कुणीतरी ‘शास्त्रशुद्ध’ करून वाटोळं केलं असतं (हे क्रिकेटच्या क्लासवाल्यांना पण लागू).

बरं, शेफलर सरावाला बोटांचे खाचे पाडलेली ग्रिप (मूठ) लावलेला क्लब घेतो, हात बरोबर बसलाय का बघायला. जगात एक नंबरचा माणूस, आणि रोज पहिलीच्या पोरागत हात तपासतो. ते कोण लिहित नाही. आमचा पुतण्या गच्चीवर छत्री घेऊन पाय सरकवायची प्रॅक्टिस करतोय, आणि छत्री धरतो कुऱ्हाड धरल्यागत.

तर साहेब, पुढच्या वेळी चार ओळींऐवजी पाच-सहा फोटोंची पट्टी छापा, क्लब वर असताना, कंबर फिरताना, बॉल लागताना, अशी. आणि पहिला फोटो हाताचा टाका, तेवढा मी कापून गच्चीच्या दाराला चिकटवतो.

आपला,
एक नेहमीचा वाचक, कोल्हापूर