ग्रिझ्लीच्या मुलखात जाण्यापूर्वी

बोझमन, मोंटाना
दि. २९ मे

प्रिय समीर,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या दोन पत्रांचे उत्तर माझ्याकडे थकले आहे, हे मी विसरलेलो नाही. पण आज लिहायला बसलो तो तुला न विचारता केलेल्या एका गोष्टीची कबुली देण्यासाठी. वन्यजीवशास्त्राच्या आमच्या वर्गातील आठ विद्यार्थी आणि एक प्राध्यापिका असे आम्ही १४ ते १८ जून या काळात यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तर भागात, स्लू क्रीकच्या खोऱ्यात तंबू ठोकून राहणार आहोत. त्यासाठीच्या फॉर्मवर ‘आणीबाणीत कोणाला कळवावे’ या रकान्यात मी आई-बाबांऐवजी तुझे नाव आणि नंबर लिहून मोकळा झालो आहे. त्याचे कारण शेवटी सांगतो; आधी तयारीची हकीकत ऐक.

जंगलात राहायचे म्हणजे चांगला तंबू, मजबूत बूट आणि थोडे धाडस असले की झाले, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात गेल्या तीन आठवड्यांतला निम्म्याहून अधिक वेळ खाण्यापिण्याचा वास कसा आवरायचा हे शिकण्यात गेला. अस्वलाच्या लेखी टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन, खोकल्याची गोळी आणि चॉकलेटचा रिकामा कागद हे सारे अन्नच असते. म्हणून रात्री या सगळ्या वस्तू एका पिशवीत भरून जमिनीपासून किमान १० फूट उंच आणि झाडाच्या खोडापासून ४ फूट दूर टांगाव्या लागतात. त्यासाठी मुक्कामाच्या जागी उंचावर एक आडवा दांडा बसवलेला असतो. स्वयंपाकाची जागा तंबूपासून १०० यार्ड दूर ठेवायची आणि ज्या कपड्यांत स्वयंपाक केला ते अंगावर घेऊन झोपायचे नाही, हेही ठरलेले आहे. दोरीच्या टोकाला दगडाची पिशवी बांधून ती दांड्यावरून पलीकडे फेकण्याचा सराव आम्ही मैदानावर केला. माझी दोरी सातव्या खेपेस पलीकडे गेली; सहाव्या खेपेस दगड माझ्याच खांद्यावर आला होता, हे तुझ्यापुरतेच ठेव.

हा सोस आपल्या जिवाच्या भीतीपोटी आहे असे मला आरंभी वाटत होते, पण त्यामागचा इतिहास वाचल्यावर माझे मत बदलले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उद्यानातला कचरा उघड्यावर टाकला जाई आणि तो खायला जमणारी अस्वले पाहता यावीत म्हणून प्रेक्षकांसाठी चक्क बाकांच्या रांगा मांडलेल्या असत. तो तमाशा पुढे थांबला, तरी उकिरडे मात्र १९७० पर्यंत टिकले. ग्रिझ्ली अस्वलांचा १९५९ पासून अभ्यास करणारे फ्रँक आणि जॉन क्रेगहेड हे बंधू सांगत होते की उकिरडे एकदम बंद करू नका, हळूहळू करा. ते मानले गेले नाही. पिढ्यान्‌पिढ्या कचऱ्यावर वाढलेली अस्वले मग माणसांच्या तळांकडे वळली आणि त्यांपैकी कितीतरी मारली गेली. १९७५ मध्ये अलास्का वगळता उरलेल्या अमेरिकेत ग्रिझ्लीला धोक्यातील प्राणी म्हणून कायद्याने संरक्षण द्यावे लागले. माणसाच्या अन्नाची चटक लागलेल्या अस्वलाचा शेवट आजही बहुधा गोळीनेच होतो. मी निष्काळजीपणे सॅकमध्ये ठेवलेल्या बिस्किटाच्या पुड्याची किंमत मला नव्हे, त्याला मोजावी लागेल, हे कळल्यापासून दोरी फेकताना मी कुरकुर करत नाही.

बेअर स्प्रेचा सराव त्या मानाने करमणुकीचा होता. मिरचीच्या तिखटाचा हा फवारा अस्वल चाल करून ३० ते ६० फुटांवर आल्यावर मारायचा असतो, आणि तो सॅकच्या तळाशी नव्हे, तर कमरेच्या पट्ट्यालाच अडकवलेला हवा. सरावाच्या डब्यात तिखट नव्हते, हे माझे नशीब. कारण वाऱ्याची दिशा न पाहता मी तो मारला आणि सगळा फवारा माझ्याच तोंडावर आला. प्राध्यापिकाबाई शांतपणे म्हणाल्या, “अस्वलाने तुझे आभार मानले असते.” येथे अस्वले आणि लांडगे यांच्यापासून १०० यार्ड, तर इतर बहुतेक प्राण्यांपासून २५ यार्ड अंतर राखण्याचा नियम आहे. गंमत अशी की उद्यानात सर्वाधिक माणसे जखमी केली आहेत ती अस्वलाने नव्हे, तर गुरासारख्या निवांत दिसणाऱ्या बायसनने.

कपड्यांचे फार सांगत नाही. सुती कपडा भिजला की अंग गारठवतो, म्हणून तो वर्ज्य; लोकरी चालतो. येथे बर्फ कोणत्याही महिन्यात पडू शकतो. उसन्या घेतलेल्या स्लीपिंग बॅगवर उणे ७ अंश सेल्सिअस लिहिले आहे, पण तो आकडा सुखाने झोपण्याचा नसून कशीबशी रात्र काढण्याचा असतो, हे एका थंड रात्री अंगणात झोपून पाहिल्यावर उमगले. जूनमध्ये वितळलेल्या बर्फाने ओढे फुगलेले असतात. पाण्यात उतरण्यापूर्वी सॅकचा कमरेचा पट्टा सोडायचा, म्हणजे पाय घसरलाच तर सॅक टाकून देता येते.

आता मूळ कामाविषयी. यलोस्टोनमधले लांडगे १९२६ पर्यंत मारून संपवले गेले होते. १९९५ आणि १९९६ या दोन वर्षांत कॅनडातून ३१ लांडगे आणून येथे सोडण्यात आले. लांडग्यांच्या धाकाने हरणे नदीकाठची झाडे कमी खाऊ लागली, झाडांनी काठ सावरले आणि अशा रीतीने लांडग्यांनी नद्यांचे प्रवाहसुद्धा बदलले, ही गोष्ट तूही ऐकली असशील. मला ती फारच गोळीबंद वाटते, आणि अभ्यासकांतही तिच्याविषयी वाद आहे. आमचे काम पुष्कळ साधे आहे. एल्क हरणांच्या कळपावर दुर्बीण रोखून दर पाच मिनिटांनी किती माना वर आहेत आणि किती गवतात आहेत, एवढेच मोजायचे, आणि दाट झाडीजवळ चरताना माना अधिक वेळा वर होतात का, ते पाहायचे. त्यासाठी गेले काही दिवस मी पहाटे गावाबाहेर जाऊन चरणाऱ्या गाई मोजतो आहे. गाईंचा मालक माझ्याकडे संशयाने पाहतो.

आता तुझ्या नावाविषयी. खोऱ्यात फोनला रेंज नाही. प्राध्यापिकाबाईंकडे उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे एक यंत्र आहे आणि रोज संध्याकाळी त्यावरून तुला ‘सर्व ठीक’ एवढाच मजकूर येईल. एखाद्या दिवशी तो आला नाही तर काळजी करू नकोस. उंच कड्यांच्या आडोशाला संदेश अडतात. आम्ही १८ तारखेला रात्री आठच्या सुमारास परत येऊ, तेव्हा तुमच्याकडे १९ तारखेच्या सकाळचे साडेसात वाजलेले असतील. त्या दिवशी दुपारपर्यंत माझा फोन आला नाही, तर सोबतच्या कागदावर लिहिलेल्या विभागाच्या नंबरवर विचार. येथून अपरात्री परक्या आवाजात थेट आईला फोन जावा, हे मला नको होते. मी जंगलात जातो आहे हे तिला ठाऊक आहे, हरणे मोजणार आहे हेही ठाऊक आहे. अस्वलांचा विषय तेवढा अजून निघालेला नाही, आणि तो तुझ्याकडूनही निघू नये.

तुझा,
अनिकेत