आमचे पासवर्ड तुमच्या माणसांना दिसतात कसे?

माननीय माहिती तंत्रज्ञान मंत्री, गोवा राज्य, यांस,
सा. न. वि. वि.

काल अर्ध्या दिवसाची रजा टाकून पेडण्याहून निघालो, म्हापशाला बस बदलली आणि पणजी गाठली, कारण सरकारी कामाच्या एका पोर्टलवर माझं लॉगिन होत नव्हतं. काउंटरवरच्या मुलाने युजरनेम विचारलं, स्क्रीनवर बघितलं आणि मागे रांग उभी असताना माझा पासवर्ड मोठ्याने वाचून दाखवला. साहेब, त्यात माझ्या वारलेल्या वडलांचं घरातलं नाव होतं, फक्त माझी आजी त्यांना त्या नावाने हाक मारायची. मी म्हटलं हा तुला दिसतो कसा, तर म्हणाला सगळ्यांचेच दिसतात, त्यात काय. रात्रभर झोप नाही मला, मेलचा पासवर्ड तोच होता, बँकेचाही जवळपास तोच, सगळे बदलत बसलो.

त्यात काय ते सांगतो. पासवर्ड जसाच्या तसा साठवायचाच नसतो. त्याचा हॅश करून ठेवतात, म्हणजे तांदूळ दळून पीठ करायचं, पिठाचे परत तांदूळ होत नाहीत. लॉगिन करताना टाकलेला पासवर्ड परत तसाच दळायचा आणि पीठ जुळतं का ते बघायचं, बस. प्रत्येकाच्या पासवर्डात दळण्याआधी वेगळं सॉल्ट, म्हणजे कशीही निवडलेली काही जादा अक्षरं, घालतात, म्हणून दोघांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश वेगळा येतो. आणि दळणारं जातं, म्हणजे हॅश करायची पद्धत, मुद्दाम संथ ठेवतात, बीक्रिप्ट काय किंवा आरगॉन2 काय, म्हणजे चोराला कोट्यवधी अंदाज झटपट लावून बघता येऊ नयेत. हे काल निघालेलं नाही हो, युनिक्स ही संगणकप्रणाली बनवणाऱ्यांनी सॉल्टची पद्धत 1979 मध्ये छापून सांगितली, बीक्रिप्ट 1999 चं आहे! 2009 मध्ये रॉकयू नावाच्या कंपनीचे 3 कोटी 20 लाख पासवर्ड साध्या अक्षरांत चोरीला गेले, 2012 मध्ये लिंक्डइनचे 65 लाख हॅश बाहेर आले, त्यात सॉल्टच नव्हतं म्हणून पटापट फुटले. जग तिथे ठेचकाळलं, आपण अजून त्याच्याही मागे.

आणि नियम सगळे आम्हालाच. कॅपिटल अक्षर घाला, आकडा घाला, चिन्ह घाला, कुणाला सांगू नका. रेशन, दाखले, बिलं, सगळं ऑनलाईन करा म्हणून आमच्या म्हाताऱ्यांना सायबर कॅफेत बसवलं, पण टेंडर देताना पासवर्ड कसे ठेवणार हे कुणी विचारतं का? 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेत कसूर केली तर 250 कोटींपर्यंत दंड लिहिलाय, पण रांगेत माझी लाज गेली तिचं काय? चूक कंत्राटदाराची असो की खात्याची, हेलपाटे मात्र नेहमी आमच्याच पायांना.

मूळ पासवर्ड तुमच्याकडेच आहेत, म्हणजे सगळे एका रात्रीत हॅश करता येतील, कुणाला पणजीला बोलवायची गरज नाही. मग ती जुनी यादी आणि तिचे बॅकअप पुसा आणि सगळ्यांना पासवर्ड बदलायला कळवा. माझ्या आईचंही खातं तिथेच आहे, तिचा पासवर्ड मीच ठेवलेला, त्यातही बाबांचंच नाव आहे.

पेडण्याचा एक नागरिक