सीमांतपूजनाच्या रात्रीची पंगत: आमच्या आचारीकाकांना पत्र

आदरणीय आचारीकाका,
सप्रेम नमस्कार.

लग्नाच्या दिवशी जो तो मुहूर्तामागे धावत असतो. दोन घरं निवांतपणे समोरासमोर बसतात ती आदल्या रात्री, सीमांतपूजन आटोपल्यावर. पण नेमकं तेच जेवण बहुतेक ठिकाणी "साधंच करू" म्हणून उरकलं जातं. तुम्ही ते उरकू दिलं नाहीत, त्याबद्दल आम्ही दोन्हीकडचे व्याही-विहिणी मिळून तुमचे मनापासून आभार मानतो. पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण तुम्ही केलेली आखणी पुढच्या कार्यघरांच्याही कामी यावी असं आम्हाला वाटतं.

एक घर रत्नागिरीचं, दुसरं नागपूरचं आणि कार्यालय पुण्यात. पदार्थांची यादी करायच्या आधी तुम्ही पंचांग मागितलंत. आदल्या दिवशी संकष्टी निघाली. ज्येष्ठ मंडळी चंद्रोदयाआधी जेवणार नाहीत आणि लहान मुलं तोवर थांबणार नाहीत, हे तुम्ही तिथल्या तिथे सांगितलंत. म्हणून दोन पंगती ठरल्या: पहिली आठ वाजता, दुसरी चंद्रदर्शन आणि नैवेद्य झाल्यावर. चंद्रोदयाची वेळ जिथे जेवायचं तिथली धरायची, हेही तुमचंच. नागपूर पुण्याच्या बरंच पूर्वेला, त्यामुळे तिथल्या पंचांगातली वेळ साधारण वीस मिनिटं आधीची असते. पुण्याची वेळ तुम्ही मोठ्या अक्षरात लिहून दाराशी लावलीत, त्यामुळे "आमच्या कॅलेंडरात तर..." ही चर्चा झालीच नाही. स्वयंपाक सगळा बिनकांदालसणाचा ठेवला, म्हणजे उपासाचे आणि बिनउपासाचे अशी वेगळी भांडी सांभाळायला नकोत.

प्रत्येक घरचा एकच पदार्थ घ्यायचा आणि तो अस्सल करायचा, हे तुमचं म्हणणं आम्हाला पूर्ण पटलं. रत्नागिरीचे उकडीचे मोदक, नागपूरचा वडाभात. बाकी वरण-भात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, पोळी आणि ताकाची कढी. दोन्हीकडचे पाच-पाच पदार्थ मांडले की कुठलं कुणाचं ते कळत नाही आणि निम्मं पानातच राहतं.

पानं १२० धरली होती. त्याला तांदूळ १० किलो (साडेचार वरण-भाताला, साडेपाच वडाभाताला), तूरडाळ ३ किलो, कणीक ८ किलो, बटाटे १२ किलो. मोदक माणशी दोन आणि वर थोडे, असे २६०. त्यासाठी तांदळाची पिठी ५ किलो, नारळ २४ आणि गूळ ३ किलो.

मोदकांबद्दल थोडं सविस्तर लिहायलाच हवं, कारण दोन घरं खरी जुळली ती तिथे. मोदक बायकांनी एकत्र बसून करायचे, ही कल्पना तुमची. वरपक्षाला कामाला लावायचं कसं, हा मुलीकडच्यांना संकोच होता. तुम्ही आठवडाभर आधी वरमाईंना स्वतः फोन करून विचारलंत आणि त्यांचा होकार आल्यावरच आम्हाला सांगितलंत. कार्यालयाचा ताबा चारला मिळाला आणि साडेचारला सतरंजीवर बाराजणी बसल्या. कोकणातली एक आणि विदर्भातली एक अशी जोडी. पहिली पारी करून कळ्या पाडायची, दुसरी सारण भरायची. तासाभराने जागांची अदलाबदल.

सारण तुमच्या माणसांनी सकाळीच करून आणलं होतं. ते फार शिजलं तर थंड झाल्यावर कडक होतं, ओलं राहिलं तर पारीतून पाझरतं. पिठी मात्र एकदम पाच किलोंची न उकडता तुम्ही एकेक किलोने उकडत होता. उकड गरम असतानाच तेल-पाण्याचा हात लावून मळावी लागते, गार झाली की कळ्या पाडताना चिरते. बारा हातांना एक किलोची उकड पुरते आणि ती संपेपर्यंत दुसरी तयार होते. आणखी एक बारकावा: नैवेद्याचं म्हणून आणि बऱ्याचजणींना उपास म्हणून चव बघायची सोय नव्हती. त्यामुळे मीठ-गूळ सगळं तोलून घेतलेलं होतं, अंदाज कशाचाच नव्हता. निम्मेच मोदक आधी वाफवले. उरलेले ओल्या फडक्याखाली झाकून ठेवले आणि दुसरी पंगत बसण्याच्या बेतात पाण्याला खळखळून उकळी आल्यावरच मोदकपात्रात लावले, बारा मिनिटं. सगळे एकदम वाफवले असते तर आजी-आजोबांच्या पानात सुकलेले मोदक पडले असते.

वडाभाताच्या डाळी भिजवल्या होत्या ४ किलो: हरभरा, तूर, मूग, उडीद आणि मटकी. भिजवणं सकाळी उशिरा आणि वाटणं संध्याकाळी, कारण उकाड्यात वाटलेलं पीठ फार वेळ राहिलं की आंबतं. वाटण भरड, पाणी जवळजवळ नाहीच, आणि मीठ तळायला घेतानाच. आधी मीठ घातलं की पिठाला पाणी सुटतं, ते सैल होतं आणि वडे तेल पितात. तळलेले वडे परातीत पसरून उघडे ठेवायचे, झाकले तर वाफेने मऊ पडतात. या भाताची जान वरच्या तेलात असते. तुम्ही फोडण्या दोन केल्यात: एक मोहरी, हिंग आणि सुक्या लाल मिरच्यांची, दुसरी नुसती हिंग-मोहरीची. तिखटाचा निर्णय जेवणाऱ्याच्या हातात राहिला. कोकणातल्या आत्यांनी आधी साधी फोडणी घेतली आणि दुसऱ्या वाढीला मिरचीची मागितली, हे वाढणाऱ्या सगळ्यांनी पाहिलं.

वाढण्याचा नियमही तुमचाच: ज्याच्या घरचा पदार्थ, त्यानेच वाढायचा. वडा कुस्करून भातात मिसळायचा आणि वर तेल घ्यायचं, हे नागपूरची पोरं पानापानाशी वाकून दाखवत होती. मोदकाचं टोक मोडून आत तूप सोडायचं, हे रत्नागिरीच्या मुली सांगत होत्या. भात, वरण, पोळी यांना तुमचे सराईत वाढपी, बारा पानांमागे एक. नुसत्या हौशी पोरांवर सोडलं की मीठ, लिंबू आणि दुसऱ्यांदा वरण हमखास राहून जातं.

बसण्याची मांडणी आमच्या मनात बाजू-बाजूने होती, इकडचे इकडे आणि तिकडचे तिकडे. तुम्ही सुचवल्याप्रमाणे नातं बघून समोरासमोर बसवलं: मामांसमोर मामा, काकूंसमोर काकू. पानाशी छोटी चिठ्ठी, नाव आणि खाली नातं, "नवरीची धाकटी मावशी" असं. माइकवरच्या ओळख परेडीची गरजच पडली नाही.

आणि हीच रात्र दुसऱ्या दिवसाची रंगीत तालीमही ठरली. एका पंगतीला पंचेचाळीस मिनिटं लागतात हे घड्याळ लावून पाहिलंत. हात धुण्याच्या जागी नळ कमी पडतात हे कळल्यावर रात्रीच दोन पिंपं आणि तांबे मांडून घेतलेत. तिखट-गोडाचा अंदाज आल्यामुळे लग्नाच्या मसालेभातात मिरची किती, हेही रात्रीच ठरलं. ही सोय फक्त तेव्हाच मिळते जेव्हा दोन्ही दिवसांचा आचारी एकच असतो. आदल्या रात्रीचं जेवण स्वस्त पडतं म्हणून दुसऱ्याकडे देणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

पैशांचंही लिहितो. सांगितलेली पानं १२०, उठली ११३, आणि तुम्ही हिशोब उठलेल्या पानांचाच केलात. उरलेले मोदक डब्यात भरून पहाटे परतणाऱ्या गाडीतल्या मंडळींना दिलेत, ते वेगळंच. तुमच्या हाताखालच्या मावशींना आणि वाढप्यांनाही आमचा नमस्कार सांगा. मोठी परात आमच्या सामानात आली आहे, ती रविवारी पोहोचवतो.

धाकटीचं यंदा तुळशीच्या लग्नानंतर करायचं मनात आहे. कार्यालय अजून पाहिलेलं नाही. आधी तुमच्या मोकळ्या तारखा कळवा, मग कार्यालयाकडे जाऊ.

आपले नम्र,
दोन्ही घरचे व्याही आणि विहिणी